जुना जिल्हा की नवा

माझं पहिलं परदेशगमन लातूरला झालं.

आता माझी नातवंडं विमानात बसून कुठल्या कुठल्या शहरांत एकटी उतरतात आणि पहिल्याच दिवशी रस्ता चुकल्याचं फोनवर कौतुकानं सांगतात. हातात अख्खं शहर दाखवणारा फोन असून रस्ता चुकायचा, ह्याला शिक्षण लागतं. आम्ही घरच्या अकलेवर चुकायचो. मी तर अशी चुकले, की स्टँडपासून पंधरा मिनिटांवरच्या कचेरीत पोचायला मला पावणेसहा तास लागले. तेवढ्या वेळात मी निम्म्या लातुराला चोर ठरवलं. उरलेलं निम्मं मला भेटलं नाही म्हणून वाचलं.

बिलोली तालुक्यातलं आमचं गाव. नदीपलीकडं तेलुगू मुलूख, अलीकडं आम्ही. माझं जग नांदेडपर्यंत जाऊन संपायचं. लातूरचं नाव मी डाळीच्या पोत्यावर वाचलं होतं, तेवढीच ओळख. त्या लातूरला सरकारनं नुकताच जिल्हा केला होता. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्या म्हणजे नव्या जागा, आणि त्यातली कनिष्ठ लिपिकाची एक जागा मला मिळाली होती. आमच्या घरात सरकारी हुकूम आलेलं मी पहिलं माणूस. पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायचे, आई त्याच कामावर पाट्या उचलायची. आणि हुकमात साफ लिहिलं होतं, की अमुक तारखेला कचेरी सुटायच्या आत रुजू व्हावे, न झाल्यास नेमणूक रद्द समजून यादीतल्या पुढच्या उमेदवारास बोलावण्यात येईल. हुकूम टपालातून फिरत फिरत आमच्या दारात आला तेव्हा त्या तारखेला दोन दिवस राहिले होते.

वडिलांना कामावरची हजेरी बुडवून येता येत नव्हतं. मी एकटीच जाणार हे ठरलं, तसं घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. तेवढा एकच पडला त्या साली.

वडील म्हणाले, "कुठं चालली, कशाला चालली, कोणाला खरं सांगू नको. शहरातली माणसं तोंड बघून खिशातला कागद वाचतेत."

आईनं तो कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळला, माझ्या कापडी पिशवीचं अस्तर उसवलं, कागद आत सरकवला आणि वाकळ शिवायच्या दोऱ्यानं असं पक्कं शिवून टाकलं, की दरोडेखोराला काय, खुद्द मलाही तो काढता येऊ नये. कचेरीचा पत्ता त्याच कागदावर होता, हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या तरी कुठं आलं? आणि मी टायपिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली.

तिसरा सल्ला नांदेडच्या आत्याचा. आदल्या दिवशी तिच्याकडं मुक्काम होता. ती म्हणाली, "कोणी आडनाव इचारलं तर आधी बघ, त्याच्या हातात तांब्या हाय का."

हा सल्ला मात्र येडा नव्हता. आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरी माझ्या लहानपणी गावातल्या काही ओट्यांवर आम्हाला पाणी वरूनच ओंजळीत पडायचं. आडनाव कानावर गेलं की तांब्या आपोआप हातभर उंच जायचा. दुष्काळात तर आणखी उंच.

तर अशी तीन सल्ल्यांनी भरलेली, बावीस वर्षांची मी पहाटेच्या गाडीत बसले. शेजारच्या बाईनं भाजलेल्या शेंगा पुढं केल्या. मी घेतल्या नाहीत, गुंगीच्या असणार. तिच्या मांडीवर तान्हं पोर होतं. मी त्या पोराकडंही नीट निरखून बघितलं. तोंडवळा आईसारखा वाटेना. लोकांचा विश्वास बसावा म्हणून कुणाचं तरी मागून आणलं असावं, असं मी ठरवलं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. ती बाई पोर घेऊन अहमदपूरला उतरली आणि जाताना मला म्हणाली, "जपून जा गं बाई." त्या 'जपून'चा अर्थ लावत मी साडेदहाला लातूरच्या स्टँडवर उतरले.

बाहेर रस्त्याच्या कडेनं लांबच लांब घागरींची रांग होती, पण माणसं नव्हती. घागरी, डबे, एक फुटका माठ, दोन ठिकाणी तर नुसते दगड. टँकरच्या रांगेतला हा आपापला नंबर, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं नदीत झिरे खोदून का होईना, वाटीवाटीनं पाणी भरता यायचं. पुढं घराघरांपुढं लोखंडी टिपाडं, टिपाडांवर झाकणं, झाकणांवर साखळ्या आणि साखळ्यांना कुलपं. मी मनात म्हटलं, ज्या गावात पाण्याला कुलूप लावतेत, त्या गावात माणसाची काय गत.

स्टँडवर एक पटकेवाले म्हातारे बसले होते. तोंड त्यातल्या त्यात इमानदार दिसलं.

"बाबा, जिल्ह्याची कचेरी कुठं हाय?"

"जिल्ह्याची? मग इथं कामून उतरलीस?"

"हा जिल्हाच हाय ना?"

"हे लातूर हाय, माय. जिल्ह्याला जायाचं तर पल्याडच्या फलाटावर गाडी लागली बघ. चल, बसवून देतो."

म्हाताऱ्यानं माझी पिशवी उचलली, मी पिशवीमागं धावले. त्यांनी मला एका गाडीच्या पायरीवर चढवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "पोरीला जिल्ह्याला उतरव रे." कंडक्टरनं मान हलवली. दोघं एकमेकांकडं बघून हसलेसुद्धा. मी खाली वाकून पाटी वाचली: उस्मानाबाद. पिशवी ओढून घेतली आणि चालू गाडीतून उडी मारल्यासारखी उभ्या गाडीतून उडी मारली. म्हातारे मागून ओरडत होते, "अगं, गाडी चुकंल." मी मागं वळून बघितलं नाही. एक म्हातारा नि एक कंडक्टर, टोळी किती मोठी आहे याचा अंदाज घेत मी गर्दीत शिरले.

त्यांचा काही गुन्हा नव्हता, हे कळायला मला त्या गावात दोन महिने राहावं लागलं. लातूर पिढ्यान्‌पिढ्या उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. जमिनीचा कागद, कोर्टाची तारीख, सगळं तिकडं. तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'जिल्ह्याला जातो' म्हणजे उस्मानाबादला जातो. सरकारनं जिल्हा उचलून आणला होता, पण शब्द अजून जुन्या गावीच राहत होता. आणि आम्हा बिलोलीकडच्यांचा जिल्हा म्हणजे नांदेड. एकाच शब्दाचे तीन जिल्हे घेऊन मी रस्ता विचारत सुटले होते.

टांगेवाल्यानं विचारलं, "कुठं?"

"जिल्ह्याला."

"जुना का नवा?"

जिल्ह्यात कुठं जुना-नवा असतो? ही खूण असणार, मला वाटलं. मी सावध होऊन म्हणाले, "खरा असंल तो."

तो दुसऱ्या टांगेवाल्याकडं वळला. "ऐकलं का, खरा म्हणती." दोघं खदखदून हसले. टोळीत चौघं झाले.

मग मी डोकं चालवलं. म्हणजे काय केलं, तर कचेरीचं नावच काढायचं नाही असं ठरवलं. किराणा दुकानदाराला म्हणाले, "माझी मावशी सरकारी कचेरीच्या शेजारी राहती. तिकडं जायचंय."

"कोणत्या कचेरीच्या?"

"कोणती पण."

"मावशीचं आडनाव?"

"ध्यानात न्हाई."

दुकानदारानं काटा खाली ठेवला. "बाई, काही पत्त्याचा कागद तर असंल?"

"कागद? कसला कागद? माझ्याकडं कागद-बिगद काही न्हाई," असं म्हणून मी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली. पिशवीत काहीतरी आहे हे आता आंधळ्यालाही दिसलं असतं. दुकानदारानं गल्ल्याचा खण हळूच लावून घेतला. त्याला माझी भीती वाटली असेल असं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

असं करत करत मी गोलाईत पोचले. लातूर ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. मधोमध गोल बाजार आणि भोवती सोळा रस्ते फुटलेले, जणू गाडीच्या चाकाचे आरे. मला वाटलं, बाजाराच्या कडेकडेनं सरळ चालत राहावं, कुठंतरी कचेरी दिसेल. सरळ चालत राहिले. गुळाचं दुकान लागलं, मग बांगड्यांचं, मग दोरखंडाचं, मग रस्त्यात बसून पुठ्ठा खाणारी एक गाय. बरंच चालल्यावर परत गुळाचं दुकान. ह्या गावात गूळ फार खातेत असं मनाशी नोंदवून पुढं गेले. परत बांगड्या, परत दोरखंड. आणि परत गाय. तीच गाय, तोच पुठ्ठा. पुठ्ठा निम्मा संपला होता, एवढाच फरक.

आमची म्हातारी सांगायची, रानात चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतं. उतारा म्हणजे चपला उलट्या पायांत घालायच्या, डावी उजव्या पायात, उजवी डाव्यात. भर बाजारात, टळटळीत दुपारी, मी चपला बदलल्या. टायपिंग पहिल्या वर्गात पास, हे परत सांगते. आणि उलट्या चपला फटक फटक वाजवत पुढच्या फेऱ्यांना लागले.

"ए पोरी, थांब."

गोलाईतून फुटणाऱ्या एका रस्त्याच्या तोंडाशीच एक घर होतं. त्याच्या ओट्यावर टिपाडाला पाठ लावून एक म्हातारी बसली होती. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात काठी, मांडीजवळ तांब्या. टँकर यायची वाट बघत टिपाड राखत होती.

"चौथा फेरा हाय तुजा," ती म्हणाली. "वडाला सात घालतेत. तुजे तीन राहिले."

"मी मावशीकडं आले."

"मावशी काय फिरती हाय का?"

मी पिशवी आणखी घट्ट धरली.

"आनि चपला उलट्या कामून घातल्या?"

"चावायल्या होत्या."

"सरळ चावतेत म्हणून उलट्या?" तिनं काठी जराशी वर उचलली. "हे बघ, परवा एक बाई अशीच फेऱ्या घालत होती. संध्याकाळी शेजारच्या टिपाडातलं पाणी निम्मं झालं. तू पाण्यावर डोळा ठेवून फिरायलीस का?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला चोर म्हणत होतं, आणि तेही पाण्याची. खरं सांगायचं तर सकाळपासून पाण्याचा थेंब पोटात गेला नव्हता. हॉटेलातलं पाणी प्यायचं नाही, हा माझा स्वतःचा चौथा सल्ला.

"तहान लागली," मी म्हणाले.

तिनं काठी खाली ठेवली आणि तांब्या हातात घेतला. "कुठली तू?"

"लोह्याची." सकाळी गाडीतून पाटी वाचली होती, ती तोंडात आली.

"आडनाव?"

तांब्या हातात होता. मी आमच्या गावच्या पाटलांचं आडनाव सांगून टाकलं.

म्हातारीचं तोंड उघडं राहिलं. "अगं माय. माजं म्हायेर लोह्याचं. त्याच घरातली मी."

मराठवाड्यात ते आडनाव गावोगाव आहे. आणि मला नेमकं त्याच घरातलं माणूस गाठ पडावं.

"कोणाची तू? थोरल्याची का धाकट्याची?"

"मधल्याची."

"मधल्याला लेकरूबाळ न्हाई."

"म्हणून तर मला दत्तक घेतलं."

"पोरगी दत्तक?"

"हाव."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "मधला तसाच येडा होता. त्याचं काही सांगता येत न्हाई." आणि तिनं तांब्या माझ्या हातात दिला. हातात. मी तो तोंडाला लावला.

पाण्याला औषधाचा वास होता. झालं, मी म्हटलं, गाठलं ह्यांनी. टँकरच्या पाण्यात जंतू मारायची पावडर टाकतात, पण आमच्या गावात टँकर कुणी बघितला होता? अर्धा तांब्या तोवर पोटात गेला होता. मी ओट्याला टेकले, पिशवी मांडीखाली दाबली आणि बेशुद्ध पडायची वाट बघत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बेशुद्धी काही येईना, उलट तरतरी आली. तेव्हा वाटलं, औषध सावकाश चढणारं असावं.

तोवर म्हातारी लोह्याच्या घरातलं एकेक माणूस विचारत होती. थोरल्या वहिनीचे पाय कसे आहेत, म्हणाली. मी म्हणाले, सुजतात. मागच्या दारची चिंच अजून आहे का, म्हणाली. मी चिंच ठेवली. धाकट्याच्या पोराचं जमलं का, म्हणाली. मी त्याचं लग्नही लावून टाकलं. ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "मला आवतन न्हाई दिलं गं कोणी." तेव्हा मात्र मला माझीच शरम वाटली. मी घाईनं म्हणाले, "अव्वा, दुष्काळ हाय, थोडक्यात केलं."

"अव्वा?" तिनं पदर खाली घेतला. "लोह्याकडं म्हातारीला कवापासून अव्वा म्हणायलेत?" आमच्या नदीकाठचा शब्द तोंडातून निसटला होता.

आत भिंतीवरच्या घड्याळात ठोके पडले. तीन. तीनचे पाच व्हायला वेळ लागणार नव्हता, आणि यादीतला पुढचा उमेदवार कुठंतरी बसून माझ्या जागेची वाट बघत होता. आई-बाप खडी फोडत होते, मी इथं परक्या घरातली लग्नं लावत होते.

"मला सरकारी कचेरीत जायचंय," मी म्हणाले. "आज पाचच्या आत न्हाई पोचले तर नोकरी जाती माझी. जिल्ह्याची नवी कचेरी कुठं हाय ते मला म्हाईत न्हाई."

तहान सोडली तर दिवसभरातलं ते माझं पहिलं खरं वाक्य.

"मग मावशी?"

"मावशी न्हाई."

"न्हाई ते एक बरं झालं. तिला हुडकायचं वाचलं." तिनं थोडा वेळ डोकं खाजवलं. "जिल्हा म्हंजे माज्या लेखी धाराशिव. पर नवा जिल्हा व्हय? परवा आमच्या मागल्या अंगाला, डाळ मिलीच्या गोदामात, सरकारी माणसं बारदानं उतरवायली होती. लोकं म्हणत होती, आता हाच जिल्हा."

"बारदानात काय होतं?"

"मी काय सोडून बघितलं व्हय? कागद असतील."

सरकार कधी गोदामात बसतं का? पोरी विकणारी माणसं बसतात, असं मी ऐकलं होतं. पण तीन वाजून गेले होते, आणि ओट्यावर बसूनही काही नोकरी मिळणार नव्हती. म्हातारी उठली, शेजारणीला हाक मारून म्हणाली, "टिपाडाकडं बघ गं. टँकर आला तर आवाज दे."

"टँकर काय कोणासाठी थांबतोय व्हय, माय?" शेजारीण म्हणाली. "आज हुकलं तर परवाच्या दिशी."

म्हातारीनं माझं मनगट धरलं आणि चालू लागली. गुडघे धरलेले, पावलागणिक थांबायची. मधे दोन ठिकाणी टेकलीसुद्धा. एक गोदाम बंद निघालं, दुसऱ्यात तुरी भरल्या होत्या. मी प्रत्येक वळणावर परत पळायचा रस्ता डोळ्यांनी धरून ठेवत होते. ती माझं मनगट सोडत नव्हती. नोकरी जाणारी पोर हातातून सुटू नये म्हणून तिनं धरलं होतं, आणि मी समजत होते, की मला पकडून नेतायत.

तिसऱ्या गोदामापाशी सव्वाचार झाले. पाटी नव्हती. आत डाळीचा भुसा, नाकात जाणारी धूळ, भिंतीला बारदानांची थप्पी आणि मधे टेबलं. खिडकीजवळ एक माझ्याच वयाची बाई खुर्चीवर बसून शिक्के मारत होती. तीही त्याच दिवशी रुजू झालेली, हे मला नंतर कळलं. स्टँडवर उतरली, हुकूम हातात धरला, पहिल्या दिसलेल्या पोलिसाला वाचायला दिला आणि पावणेअकराला येऊन बसली. एवढं सोपं होतं.

हेडक्लार्कच्या चष्म्याला दोरा बांधलेला होता. मी नाव सांगितलं नाही, आधी म्हणाले, "रुजू व्हायला आले."

"हुकूम?"

मी पिशवी टेबलावर ठेवली. "आत हाय. शिवलेला."

त्यांनी पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग बारदान शिवायचं दाभण आणलं. दोघांनी मिळून आईची शिवण उसवली. आईनं काम पक्कं केलं होतं. दहा मिनिटं गेली. कागद निघाला. हेडक्लार्कनं तो उजेडाकडं धरला. वर छापील नाव जुन्या जिल्ह्याचं होतं, ते पेनानं खोडून शाईनं 'लातूर' लिहिलेलं.

"हे कोणी खोडलं?"

"असाच आला."

"बाई, नवा जिल्हा झाल्यापास्नं रोज कोणी ना कोणी कागद घेऊन येतंय. मागच्या हप्त्यात एक जण दुसऱ्याच्याच हुकमावर रुजू व्हायला आला होता. तुमचा अर्ज, त्यावरचा फोटो, सगळं ह्या बारदानांत हाय. कोणत्या, ते मला म्हाईत न्हाई. तुम्हीच त्या, ह्याची तसदीक कोण करणार? इथलं राहणारं, तुम्हाला ओळखणारं कोणी हाय का?"

"मी हाय की," म्हातारी पुढं झाली. "माज्या म्हायेरची पोर हाय ती. लोह्याच्या पाटलाची."

हेडक्लार्कनं हुकमावरचं नाव मोठ्यांदा वाचलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आणि आडनाव. मग गाव, तालुका बिलोली.

माझ्या मनगटावरचा तिचा हात सैल झाला.

"लोह्याची न्हाईस?"

"न्हाई."

"पाटलाची बी न्हाईस."

"न्हाई."

"मग खोटं कामून सांगितलंस?"

दिवसभर मी इतकी खोटी उत्तरं तयार ठेवली होती. त्या वेळी एकही सापडलं नाही.

"पाणी प्यायचं होतं," मी म्हणाले.

खिडकीजवळच्या बाईचा शिक्का वरच्या वर थांबला. हेडक्लार्क कागदात बघू लागले. म्हातारी माझ्याकडं बघत होती, आणि मी खाली, माझ्या उलट्या चपलांकडं. गोदामातलं घड्याळ अजून खोक्यात होतं.

मग तिनं हेडक्लार्कला सांगितलं, "दुपारपास्नं ही माज्या ओट्यावर हाय. त्याच्या आधी गोलाईला चार फेरे घालताना मी बघितली. हिला खोटं बोलायला येतंय, पर चोरी करायला येत न्हाई. चोराला रस्ता सापडतो. ही कागदावरची तीच पोर हाय, माजा अंगठा घ्या."

"आजी, तुमी तर हिचं नाव बी आत्ताच ऐकलं."

"ऐकलं न्हवं? मग ओळखते."

हेडक्लार्कनं बाहेर उन्हाकडं बघितलं. पाच वाजायला आले असावेत. त्यांनी रुजू-अहवालाचा कागद पुढं ओढला, खाली 'ओळख देणाऱ्याची सही अथवा अंगठा' अशी ओळ हातानं लिहिली आणि शाईची डबी उघडली. म्हातारीनं अंगठा दिला. दाबून, ठसठशीत.

"नातं काय लिहू?"

तेवढ्यात मागच्या गल्लीतून शेजारणीची हाक आली, आणि मागोमाग टँकरचा भोंगा. म्हातारीनं अंगठा बारदानाला पुसला. "काय बी ल्ही. टँकर आला," म्हणाली आणि निघाली. मघा पावलागणिक थांबणारी बाई दाराबाहेर जाताना मला दिसली तेवढीच.

तिनं जाताना माझ्याकडं बघितलं नाही. ते टँकरमुळं की आडनावामुळं, मला माहीत नाही. घरी जाऊन तिनं तो तांब्या राखेनं घासला असेल किंवा नसेल. एका हाकेच्या अंतरावर घर होतं, पण गोलाईच्या सोळा रस्त्यांतला तेवढा एक रस्ता मी वर्षभर टाळला. पुढं ती लेकाबरोबर गावी गेल्याचं कळलं. बाकीच्या सगळ्या संशयांवर मी नातवंडांना हसवते. हा एक त्यांना सांगत नाही, कारण तो खरा होता की खोटा, हे बघायला मी गेलेच नाही.

हेडक्लार्क पेन धरून माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी आपल्याच मनानं 'परिचित' लिहिलं. मी वाकून वाचलं.

"साहेब, ओळख तर दुपारचीच हाय. उद्या कोणी चौकशी केली म्हंजे?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, तुम्हाला रुजू व्हायचंय का माझी चौकशी लावायचीय?"

मी सही केली. हजेरीच्या वहीत खिडकीजवळच्या बाईंच्या नावापुढं 'सकाळी' लिहिलेलं होतं. त्याखाली माझं नाव चढलं, आणि त्यापुढं 'दुपारनंतर'. मग हेडक्लार्कनं बारदानांच्या थप्पीशेजारची जागा मला दाखवली. खुर्ची अजून जुन्या जिल्ह्यातून यायची होती.